दिवसा झोपू नका म्हणे!

परवा सकाळी अकराच्या सुमारास भाचीचा फोन आला, कर्जत स्टेशनवरून. ती सिस्टर आहे, राहते बदलापूरला. नाइट संपवून दादरला गाडीत बसली, अंबरनाथ गेल्याचं आठवतंय म्हणाली, त्यानंतर थेट कर्जत. वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी, सगळी झोपेत गेली. "मावशी, सलग तिसरी नाइट होती गं." मी विचारलं, काल दिवसा झोपली किती होतीस? आधी गप्प. मग हळूच म्हणाली, "दोन तास. आईंनी तो मेसेज दाखवला ना, दिवसा झोपायचं नसतं म्हणून."

आई म्हणजे तिच्या सासूबाई. बाई प्रेमळ आहेत, तक्रार त्यांच्याबद्दल नाही. तक्रार त्या मेसेजबद्दल आहे. 'नाइट ड्युटीचा बाऊ करणाऱ्या सिस्टर्सनी वाचाच' असं शीर्षक, वर सूर्य, खाली गुलाब. मुद्दे सहा. एक, 21 दिवसांत शरीराला रात्रपाळीची सवय होते. दोन, रात्री वॉर्ड झोपलेला असतो, सिस्टरही झोपतात. तीन, आयुर्वेदात दिवसा झोपणं निषिद्ध आहे, म्हणून सकाळी घरी येऊन आंघोळ करा आणि कामाला लागा, थकवा पळेल, रात्री दुप्पट झोप घ्या. चार, वजन आणि शुगर वाढते ती कँटीनमुळे, ड्युटीमुळे नाही. पाच, कॅन्सर वगैरे पाश्चात्त्यांचं खूळ. सहा, पूर्वीच्या सिस्टर्स कुठे तक्रार करायच्या?

पूर्वीची सिस्टर म्हणजे मी. 31 वर्षं नोकरी केली. तक्रार करायचो हो, मेट्रनच्या ऑफिसबाहेर रांग लावून करायचो. तेव्हा फॉरवर्ड नव्हते म्हणून तुम्हाला कळलं नाही. सहावा मुद्दा इथेच संपला.

आता तिसरा, कारण कर्जतला पोचवलं ते त्यानेच. रात्री दुप्पट झोप घ्या! अहो, रात्री परत ड्युटी आहे. दुप्पट झोप घ्यायची कुठे, इंजेक्शनच्या ट्रॉलीवर?

आणि आयुर्वेदाचं नाव घेतलंच आहे तर उघडा वाग्भटाचं अष्टांगहृदय. सूत्रस्थान, सातवा अध्याय, त्यात झोपेचा विषय आहे. दिवसाच्या झोपेने शरीरात स्निग्धता आणि रात्रीच्या जागरणाने रूक्षता वाढते, हे तिथे आहे. उन्हाळा सोडून एरवी दिवसा झोपल्याने कफ-पित्त वाढतं, हेही आहे. मेसेजवाल्याने तेवढंच उचललं. त्याच अध्यायात पुढे स्वच्छ लिहिलंय: सवय नसताना जागरण घडलं तर जितका वेळ जागलात त्याच्या निम्मा वेळ सकाळी झोपावं, आणि तेही जेवणाआधी. 'अभुक्तवान्' असा शब्द आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, एकविसाव्या अध्यायात, तर यादीच आहे: कामाने, ओझ्याने, चालण्याने थकलेले, अशक्त, म्हातारे, लहान मुलं, या सगळ्यांनी कुठल्याही ऋतूत दिवसा झोपायला हरकत नाही. बारा तास पायावर उभी असलेली, पेशंट उचलून कुशीवर वळवणारी बाई या यादीत बसत नसेल तर कोण बसतं? ज्याच्या नावावर हा उपदेश खपवला त्यानेच उलट सांगून ठेवलंय. मला राग आला तो याचा.

दिवसाची झोप रात्रीइतकी लागत नाही, हे मात्र मी आपणहून कबूल करते. सकाळी शरीराचं तापमान चढतं असतं, शरीर उठायच्या बेतात असतं. त्यात बदलापूरचा दुसरा मजला: कुकरच्या शिट्ट्या, कुरियरची बेल, भंगारवाला, शेजारच्या फ्लॅटमध्ये टाइल्स फोडणारं मशीन. म्हणजे झोप आधीच अर्धी, आणि मेसेज सांगतो तीही नको.

न झोपण्याची किंमत काय, तेही सांगते. 1997 साली दोन संशोधकांनी माणसांना एकदा जागं ठेवून आणि एकदा दारू पाजून त्यांची कामातली चलाखी मोजली. सलग 17 तास जागं राहिलेला माणूस रक्तात 0.05 टक्के दारू असलेल्या माणसाइतका ढिला पडला होता. आपल्याकडे गाडी चालवायची कायद्याची मर्यादा 0.03 टक्के आहे. आता भाचीच्या पहिल्या नाइटचा हिशेब करा. सकाळी सातला उठली, दिवसभर घरकाम, रात्री आठला ड्युटीवर. बाराच्या ठोक्याला तिचे 17 तास भरले. अजून आठ तास बाकी आहेत आणि हातात इन्सुलिनची सिरिंज. नाक्यावर हवालदार ज्याला अडवेल त्या अवस्थेत ती युनिटं मोजतेय. विहीणबाई, उद्या तुम्हीच त्या वॉर्डात असाल तर? दुपारी चार तास झोपून आलेली सिस्टर बरी की लादी पुसून आलेली?

पहिला मुद्दा, 21 दिवसांची सवय. आधी मला दाखवा, सलग 21 नाइट लावणारी ड्युटी लिस्ट आहे कुठे. आमच्याकडे आठवडाभर नाइट, मग ऑफ, मग सकाळ, मग दुपार. शरीर जरा वळायला लागलं की पाळी बदलली. आणि कायम रात्रपाळी करणाऱ्यांचंही शरीर पुरतं वळत नाही. मेलाटोनिन नावाचं संप्रेरक अंधारात वाढतं आणि झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगतं. त्यावरून तपासलं, तर कायम नाइट करणाऱ्यांतही पूर्ण जुळवून घेतलेले शंभरात तीनसुद्धा नव्हते. 2008 च्या आढाव्यातली गोष्ट आहे ही. कारण साधं आहे: सकाळी आठला बाहेर पडलं की ऊन डोळ्यांत शिरतं, आणि आतलं घड्याळ म्हणतं, उजाडलं. लेडीज डब्यातली खिडकी सगळ्यांना हवी असते. नाइटवरून येताना मी कधी खिडकीशी बसले नाही. हे कारण मला तेव्हा ठाऊक नव्हतं, ऊन सोसवायचं नाही इतकंच.

रात्री वॉर्ड झोपलेला असतो म्हणणाऱ्याने एकदा यावं. चाळीस खाटा, जमिनीवरच्या गाद्या वेगळ्या, सिस्टर दोन, एक मावशी (वॉर्डातली, मी नव्हे). दोनची अँटिबायोटिक्स, सलाइन संपत आलेलं, युरिनच्या पिशव्या, पहाटे चारला रक्ताचे नमुने, मध्येच कॅज्युअल्टीतून येणारी ॲडमिशन. 26 नोव्हेंबर 2008 ला कामा हॉस्पिटलमध्ये अंजली कुलथे नाइटलाच होत्या. अतिरेकी इमारतीत शिरले तेव्हा त्यांनी वॉर्डातल्या वीस गरोदर बायकांना आतल्या पँट्रीत हलवलं. झोपल्या असत्या तर?

चौथा मुद्दा. इथे थोडं मागे सरकावं लागतंय, सरकते. रात्री दोनला समोसा आणि गोड चहा, हे आम्ही केलंय आणि ते चांगलं नव्हतं. रात्रपाळीचं वेळापत्रक पाळणाऱ्या लोकांना फक्त दिवसाच खायला दिलं तर रक्तातली साखर वाढली नाही, असा एक छोटा प्रयोगही आहे. म्हणजे खाण्याचा, निदान खाण्याच्या वेळेचा, हात आहे. पण सगळा दोष कँटीनवर टाकू नका. अमेरिकेत 1976 पासून नर्सेसचीच एक प्रचंड पाहणी चालू आहे, 1989 ला तिची दुसरी तुकडी सुरू झाली. त्यातल्या सुमारे 1,77,000 जणींवरचा अभ्यास 2011 साली आला. महिन्यात निदान तीन नाइट, अशी बदलती पाळी किती वर्षं केली हे विचारून त्यांच्यावर लक्ष ठेवलं होतं. वर्ष-दोन वर्षं केलेल्यांत मधुमेह जडण्याचं प्रमाण पाचेक टक्क्यांनी जास्त. वीस वर्षांच्या वर केलेल्यांत 58 टक्क्यांनी. वजनाचा हिशेब वेगळा काढल्यावर हा आकडा 24 वर आला. म्हणजे मोठा वाटा वाढलेल्या वजनाचा, मान्य. पण उरलेले 24 कँटीनवाल्याच्या उधारीत कसे लिहिणार? माझी स्वतःची शुगर चव्वेचाळिसाव्या वर्षी निघाली. नाइटमुळेच, असं मी म्हणणार नाही, माझ्या आईलाही होती.

पाचवा मुद्दा. कॅन्सर हे खूळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीला 2007 मध्ये 'बहुधा कर्ककारक' गटात टाकलं आणि 2019 मध्ये पुन्हा तपासून तिथेच ठेवलं. 'बहुधा' हा शब्द महत्त्वाचा. मटणासारखं लाल मांसही त्याच गटात आहे. ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात 2016 साली स्तनाच्या कॅन्सरशी संबंध दिसला नव्हता. तेव्हा 'नाइट केली की कॅन्सर होतोच' असा मेसेज आला तर तोही पुढे ढकलू नका. नाइट बंद करा असंही मी म्हणत नाही, पेशंट काही रात्री घरी जात नाहीत. सिस्टर वाढवा, नाइटनंतरचा ऑफ कापू नका, आणि घरी आलेल्या बाईला झोपू द्या.

हे सगळं विहीणबाईंना फोनवर सांगितलं. संशोधन वगैरे त्यांनी ऐकून घेतलं. वाग्भटाचं नाव आल्यावर मात्र म्हणाल्या, "थांबा, अध्याय कितवा म्हणालात?" लिहून घेतला. काल भाचीचा फोन आला, पावणेतीनला उठून. बेडरूमच्या खिडकीला सासूबाईंनी जुनी काळपट सतरंजी लावलीय आणि बेलच्या बटणावर चिकटपट्टी. फक्त झोपण्याआधी नाश्ता करू देत नाहीत म्हणे, अभुक्तवान् लिहिलंय ना.