कार्बाइडचं ब्लेड लोखंड कापतं, पण ग्राइंडरवर नाही

गेला महिनाभर फॅब्रिकेशनवाल्यांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय. चार इंची ग्राइंडर, त्याला सुताराचं ४० दात्यांचं टीसीटी ब्लेड (दात्यांच्या टोकाला टंग्स्टन कार्बाइडचे तुकडे जोडलेलं), आणि एक इंची स्क्वेअर पाइपचे पाच सेकंदांत दोन तुकडे. खाली मजकूर असा: कटिंग व्हीलवर, म्हणजे लोखंड घासून कापणाऱ्या चकतीवर, पैसे घालवणं बंद करा. कार्बाइड लोखंडापेक्षा कडक असतं, म्हणून लाकडाचं ब्लेड लोखंडही कापतं. ग्राइंडरचा स्पीड जास्त, म्हणून काम झटपट. दाते जितके जास्त तितकं चांगलं. लोखंड, ॲल्युमिनियम, स्टेनलेस, सगळ्याला एकच ब्लेड. ठिणगी उडत नाही, म्हणून गॉगलची कटकट नाही. आणि एका ब्लेडमध्ये पन्नास चकत्यांचं काम.

मला तो तिघांनी पाठवला. एकाने वर ‘तुम्हाला अजून माहीत नव्हतं?’ असंही विचारलं. माहीत होतं. असंच एक ब्लेड माझ्या टेबलाच्या खणात आहे, शेजारच्या शेडमधल्या मिस्त्रींनी वापरून झाल्यावर आणून दिलेलं. ४० पैकी ७ दाते नाहीत. दाता होता त्या खाचेत ब्रेझिंगचा, म्हणजे दाता चिकटवणाऱ्या डागाचा, पिवळट थर तेवढा चमकतो. सातातला एक तुकडा नंतर प्लायच्या दारात रुतलेला सापडला, जमिनीपासून साधारण पाच फुटांवर. बाकीचे सहा कुणी शोधले नाहीत.

आधी खरं ते मान्य करतो. दातेरी ब्लेडने लोखंड कापता येतं, आणि झकास कापता येतं. ड्राय कट मशीनवर, म्हणजे पाणी न सोडता दातेरी ब्लेडने लोखंड कापणाऱ्या सावकाश मशीनवर, कापलेला पाइप हातात धरता येतो, कड निळी पडत नाही, बर (कडेला राहणारी खरबरीत धार) जवळजवळ येत नाही, कारण उष्णता किसाबरोबर निघून जाते. ज्याने एकदा असं मशीन वापरलं तो पुन्हा चकतीच्या चॉप सॉकडे (वरून खाली दाबून कापणाऱ्या मशीनकडे) खुशीने जात नाही. पण ते मशीन वेगळं आणि ते ब्लेडही वेगळं. व्हिडिओवाल्याने त्या मशीनचं कौतुक उचलून ग्राइंडरला चिकटवलंय.

आता कडकपणाचं. कार्बाइड कडक असतं हे खरं, पण जितकं कडक तितकं ठिसूळ. काच लोखंडावर ओरखडा काढू शकते म्हणून काचेची छिन्नी कुणी करत नाही. लाकडाच्या ब्लेडला धार टिकावी म्हणून कडक जातीचं कार्बाइड वापरतात. लोखंडाच्या ब्लेडला धक्का सोसणारं चिवट कार्बाइड किंवा सरमेट (सिरॅमिक आणि धातूचं मिश्रण) लागतं. आकारही निराळा. लाकडाचा दाता पुढे झुकलेला, टोकाला तिरपा धारदार, म्हणजे लाकडात घुसून ओढून घेणारा. लोखंडाचा दाता जवळपास सरळ उभा, कोपरे मारलेले. लाकडाचा तो पुढे झुकलेला दाता पाइपच्या कडेत अडकला की ओढून घेतो, फक्त या वेळी पाइप क्लॅम्पमध्ये असतो आणि ओढलं जातं ते तुमच्या हातातलं मशीन.

ब्लेड उलटं लावलं तर लोखंड कापतं, अशी एक पुरवणीही त्या व्हिडिओखाली कुणीतरी जोडलीय. पातळ पत्र्यासाठी ही युक्ती जुनी आहे. पण कार्बाइडच्या टोकाला आधार मागच्या बाजूने दिलेला असतो. उलटं फिरवलं की आधार राहतो बाजूला आणि सगळा भार एकट्या ब्रेझिंगवर येतो.

खरी मेख मात्र स्पीडमध्ये आहे. चार इंची ग्राइंडर बिनलोड ११,००० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास फिरतो. ११० मिलिमीटरच्या ब्लेडची कड त्या वेगाला सेकंदाला ६३ मीटर पळते, ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या वर. लोखंडाचं बारा इंची ड्राय कट मशीन १,३०० आरपीएमच्या आसपास ठेवलेलं असतं, कडेचा वेग सेकंदाला २१ मीटर. म्हणजे तिप्पट फरक. थंड पाणी सोडून चालणारी एचएसएसची (हाय स्पीड स्टीलच्या ब्लेडची) कोल्ड सॉ तर याहून कितीतरी सावकाश फिरते, मिनिटाला काही दहा फेरे.

‘स्पीड जास्त, काम झटपट’ याचा हिशोब करून बघा. ११,००० फेरे गुणिले ४० दाते, म्हणजे मिनिटाला ४,४०,००० ठोके. ड्राय कट मशीनवर ६० दात्यांचं ब्लेड, १,३०० फेरे: ७८,०००. हाताचा रेटा तेवढाच ठेवला तर ग्राइंडरवरच्या प्रत्येक दात्याच्या वाट्याला साडेपाच पट कमी धातू येतो. इतका पातळ कीस निघतच नाही. दाता लोखंडावर नुसता घासतो, तापतो, धार जाते. मग ब्लेड कापेना म्हणून माणूस जोर लावतो, आणि जोर लावला की दाता एकदम चावा घेतो. हळू दाबलं तर जळतं, जोरात दाबलं तर उसळतं. व्हिडिओत पाच सेकंदांत कापलं कारण ब्लेड कोरं होतं. विसाव्या कटचा व्हिडिओ कुणी टाकलेला नाही.

चकतीचं तसं नसतं. तिचे कण झिजतात, गळतात, मागचे नवे कण पुढे येतात. ती दात्यासारखी चावत नाही, आणि रेझिनची जाळीदार चकती मुळात सेकंदाला ८० मीटरसाठीच बनवलेली असते. ग्राइंडर आणि चकती ही एकमेकांसाठी जमवलेली जोडी आहे. म्हणूनच ग्राइंडरच्या पुस्तिकेत दातेरी ब्लेड लावू नका, मशीन वारंवार झटका देतं आणि ताबा सुटतो, अशी सूचना छापलेली असते. ती आपण खोक्यासकट टाकून देतो.

आणखी एक बारकावा, जो व्हिडिओत नीट पाहिलं तर दिसतो. चार इंची ग्राइंडरच्या चकतीचं भोक १६ मिलिमीटर. सुताराचं ११० मिलिमीटरचं ब्लेड मार्बल कटरसाठी (फरशी कापायच्या हातमशीनसाठी) असतं, त्याचं भोक २० मिलिमीटर. मध्ये रिंग घातल्याशिवाय ते मधोमध बसतच नाही. शिवाय ग्राइंडरचं गार्ड (चकतीवरचं संरक्षक झाकण) १०० मिलिमीटरच्या हिशोबाचं, त्यात ते ब्लेड बहुधा घासतं. मग काय करतात? गार्ड काढतात. व्हिडिओतही गार्ड नाही.

दात्यांच्या संख्येचा मुद्दा अर्धवट कळलेला आहे. पातळ मालाला जास्त दाते, हे बरोबर. हॅकसॉ ब्लेड घेताना पातळ पाइपला आपण इंचाला २४ किंवा ३२ दात्यांचं घेतो, भरीव सळईला १८चं. पण जाड मालात दाते वाढवले की दोन दात्यांमधली खाच लहान होते, कीस मावत नाही, तिथेच कोंबला जातो. म्हणून दोन मिलिमीटर जाडीच्या पाइपचं आणि भरीव सळईचं ब्लेड एकच नसतं. शिवाय ४० दात्यांच्या त्या ११० मिलिमीटरच्या ब्लेडवर दोन दात्यांत साडेआठ मिलिमीटर अंतर आहे. पाइपची भिंत दीड मिलिमीटरची. सरळ खाली रेटलं तर उभ्या भिंतीवर एका वेळी एक दातासुद्धा धड टेकत नाही.

‘सगळ्याला एकच ब्लेड’ यात ॲल्युमिनियमपुरतं थोडं तथ्य आहे. खिडक्यांचे सेक्शन कापणारे १० इंची मशीनवर ८०, १००, १२० दात्यांचं ब्लेड लावतात, आणि लाकडाच्याच वेगाला कापतात. ॲल्युमिनियम वेग सोसतं. पण त्या ब्लेडचा दाता मागे झुकलेला असतो, एक दाता कोपरे छाटलेला, पुढचा सपाट, असे एकाआड एक. ॲल्युमिनियम दात्याला चिकटतं, म्हणून मेण लावतात किंवा रॉकेलचा हात देतात. त्याच ब्लेडने लोखंड कापलं की संध्याकाळपर्यंत सेक्शनची कड फाटलेली दिसायला लागते. स्टेनलेसचं तर नावच नको. घासलं की ते जागीच आणखी कडक होतं, उष्णता वाहून नेत नाही, आणि आधी लोखंड कापलेलं ब्लेड वापरलं तर कटवर काही दिवसांत गंज उठतो.

गॉगलबद्दल एवढंच: ठिणगी दिसत नाही कारण कीस जळत नाही. तो सुईसारखा असतो आणि तरीही उडतो. हातमोज्यांचं मात्र उलटं. सैल कापडी मोजा दात्यात सापडला तर मोजा एकटा जात नाही.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि या धंद्यात तो खोटा नाही. एक मिलिमीटरची चकती वीस-पंचवीस रुपयांना, ते ब्लेड दोन-अडीचशेला. म्हणजे बरोबरीलाच दहा चकत्यांचं काम व्हायला हवं. खणातल्या त्या ब्लेडने दिवसभरही काम केलं नव्हतं. चकती घेताना उगाच स्वस्तही बघू नका; भोकाभोवतीच्या पत्र्याच्या रिंगवर महिना आणि वर्ष छापलेलं असतं, त्यानंतर ती वापरायची नसते.

आता पुढचा व्हिडिओ कोणता येणार तेही सांगून ठेवतो. कुणीतरी १४ इंची लोखंडाचं खरं टीसीटी ब्लेड आणेल आणि जुन्या चकतीच्या चॉप सॉला बसवेल. ते बसेलही, कारण दोन्हीचं भोक २५.४ मिलिमीटर. मशीनच्या पाटीवर ३,८०० आरपीएम लिहिलेलं असेल, ब्लेडवर मर्यादा १,८०० किंवा त्याहून कमी. बटण दाबायच्या आधी ते दोन आकडे वाचा.