महाल-इतवारी म्हणजे ‘आपोआप वाढलेली गर्दी’? छे!

सध्या एक मजकूर मोबाईलवर जोरात फिरतोय. त्याचं सार असं: नागपूर इंग्रजांनी वसवलं, आधी इथं जंगल होतं, महाल-इतवारी ही जुन्या शहरातली वस्ती म्हणजे कुणी न आखलेली दाटी, तिथं एकाच विचाराची माणसं राहतात, आणि बघण्यासारखं तिथं काही नाही.

जंगलाचं आधी बघू. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह यानं १७०२ च्या सुमारास बारा वाड्या जोडून हे शहर वसवलं. त्याचा मुलगा चांद सुलतान राजधानीच इथं घेऊन आला, त्यानं शहराला कोट बांधला आणि जुम्मा तलाव केला. तोच आपला शुक्रवारी तलाव, कागदोपत्री गांधीसागर. पुढे रघुजी भोसल्यांनी इथूनच राज्य चालवलं. नोव्हेंबर १८१७ मध्ये भोसले आणि इंग्रज यांच्यात सीताबर्डीची लढाई झाली, पण शहर लगेच पडलं नाही. आतले भोसल्यांचे अरब शिपाई लढत राहिले. २४ डिसेंबरला इंग्रजांनी जुम्मा दरवाजावर हल्ला केला, तो फसला. शेवटी बोलणी झाल्यावरच अरबांनी शहर सोडलं. जंगल घ्यायला एवढा दारूगोळा कशाला लागतो राजेहो? तो जुम्मा दरवाजा म्हणजे महालातलं गांधी गेट. त्याच्याखालून रोज जाणाऱ्यांनीच हा मजकूर पुढे ढकलावा, याचं जास्त नवल वाटतं.

१८५३ मध्ये तिसरे रघुजी वारल्यावर राज्य खालसा झालं आणि १८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झालं. इंग्रजांनी सीताबर्डीचा किल्ला बांधला, सिव्हिल लाइन्स उभी केली, रेल्वे आणली, हे खरंच. पण राजधानीपुरतं म्हणाल तर आयत्या पिठावर रेघोट्या.

आता ‘न आखलेली दाटी’. रस्ते अरुंद आहेत, मान्य. पण इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी ही वारांची यादी आपोआप पडलेली नाही. बाजारांचे दिवस वाटून दिलेले होते. सराफा एकीकडे, धान्य-किराणा दुसरीकडे, मूर्तिकार चितारओळीत. श्रावणात तिथं गेलात तर दारादारांत तणसाचे सांगाडे, त्यावर ओल्या मातीचा थर, आणि डोळे रंगवायचे राहिलेले गणपती ओळीनं वाळत ठेवलेले दिसतात.

एकाच विचाराची माणसं? १९२५ मध्ये राष्ट्रीय स्वयंसेवक संघ महालात स्थापन झाला, म्हणून सगळी वस्ती त्याच मापानं मोजायची का? गोंड राजाचा किल्लाही महालातच आहे. इतवारीत बोहरा मशीद आहे, जैन मंदिरं आहेत. जरा पुढे मोमिनपुरा, गोळीबार चौकाकडे हलबा-कोष्टी विणकर. एका विचाराच्या वस्तीत एवढे शेजार नांदत नसतात.

राहिलं ‘बघण्यासारखं’. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारीत या. काळी मारबत, म्हणजे मिरवणुकीनं नेऊन जाळायचा मोठा पुतळा, १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. काळी म्हणजे इंग्रजांना सामील झालेली भोसले घराण्यातली बाकाबाई, असं जुनी माणसं सांगतात. सोबत बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे: महागाईचे, भ्रष्टाचाराचे, त्या वर्षी लोकांच्या डोक्यात गेलेल्या कुठल्याही पुढाऱ्याचे. दोन्ही मारबती नेहरू पुतळ्यापाशी समोरासमोर आल्या की ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’चा असा गजर होतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. गाडी मात्र आणू नका, मेट्रोनं चितारओळी चौकात उतरा.