अलर्टबद्दलचा तो फॉरवर्ड पुढे ढकलण्याआधी हे वाचा

कॅनडाच्या अलर्ट या लष्करी तळाबद्दल एक फॉरवर्ड ग्रुपाग्रुपांत फिरतोय. त्यात म्हणे तिथे सहा महिने रात्र असते, पारा उणे ८० ला जातो, पोलर बेअर सोडले तर सजीव म्हणून काही नाही, आणि २०१९ मध्ये तिथे २१ डिग्री तापमान झालं ही बातमी बोगस.

रात्रीचं पटकन उरकतो. सहा-सहा महिन्यांचा हिशोब ध्रुवावरचा, अलर्ट तिथून ८१७ किलोमीटर अलीकडे, एल्समिअर बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर आहे. सूर्य ऑक्टोबरच्या मध्यावर मावळतो तो फेब्रुवारी संपता संपता उगवतो, म्हणजे साधारण साडेचार महिने.

उणे ८० तर साफ खोटं. अख्ख्या उत्तर गोलार्धातला नोंदलेला नीचांक उणे ६९.६ आहे, तोही १९९१ साली ग्रीनलंडच्या बर्फाच्या पठारावर, तीन हजार मीटर उंचीवर. अलर्ट समुद्राला लागून आहे, वर बर्फ असला तरी खालच्या पाण्याची ऊब थोडी थोडी वर येतच राहते, म्हणून तिथे पारा फार फार तर उणे ५० च्या आसपास जातो.

आता सजीव नाहीत हे वाक्य, ज्याचा मला सगळ्यात जास्त राग आलाय. अहो, तिथे पांढरे लांडगे आहेत, कोल्हे आहेत, लांब केसांचे, बैलासारखे दिसणारे मस्कऑक्स आहेत, उंदरासारखे लेमिंग आहेत, उन्हाळ्यात रेड नॉट नावाचे छोटे पक्षी युरोपातून आइसलँडमार्गे अंडी घालायला येतात आणि पोचल्यावर लगेच पोटभर खायला मिळेलच असं नसतं म्हणून अंगावर चरबीचा साठा घेऊनच येतात. पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला जेमतेम १६ सेंटिमीटर पडतो, म्हणजे हे थंड वाळवंटच, तरी आर्क्टिक विलोची झुडपं जमिनीला चिकटून वाढतात आणि ससे ती कुरतडून जगतात. २०१९ मध्ये संशोधकांनी अलर्टच्या सशांना माग काढणाऱ्या कॉलर लावल्या, त्यातली बीबीवायवाय नावाची मादी ४९ दिवसांत ३८८ किलोमीटर चालून गेली! नाव कानातल्या टॅगच्या रंगांवरून, निळा-निळा-पिवळा-पिवळा. उलट ज्यांचं नाव फॉरवर्डमध्ये आहे ते पोलर बेअरच इथे कमी दिसतात, कारण इथल्या समुद्रावर जुना जाड बर्फ, त्यामुळे त्यांचं खाद्य असलेले सील कमी.

राहिलं २१ डिग्रीचं. १४ जुलै २०१९ ची ती नोंद कॅनडाच्या हवामान खात्याची आहे. इथे हवामान केंद्र १९५० पासून आहे, लष्कर १९५८ मध्ये आलं, त्यामुळे सैन्याने आकडा दाबला किंवा फुगवला म्हणायलाही जागा नाही. जुलैत एरवी दिवसाचा पारा सहाच्या आसपास असतो. एका दिवसावरून हवामान बदललं असं मीही म्हणणार नाही, पण त्याच बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर शंभर वर्षांपूर्वी सलग पसरलेल्या, समुद्रावर तरंगणाऱ्या जाड बर्फाच्या थराचा (आइस शेल्फचा) ९० टक्क्यांहून जास्त भाग गेलाय, आणि उरलेल्यातला मिल्न नावाचा तुकडा जुलै २०२० च्या शेवटी दोन दिवसांत ४० टक्क्यांहून जास्त तुटला. फॉरवर्ड पाठवणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.