मेनूवरच्या कॅलरी : त्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेले काही महिने एक मेसेज सोसायटीच्या, शाळेच्या, नातेवाइकांच्या अशा सगळ्या ग्रुपवर फिरतोय. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, मजकूर तोच. 'समोसा-जिलेबीवर सरकारने सिगारेटसारखा इशारा लावला. हॉटेलच्या मेनूवर कॅलरी लिहायची सक्ती केली, आता वडापावच्या गाडीवालाही कॅलरी मोजत बसणार. ते आकडे खोटे असतात. परदेशात हा प्रयोग फसलाय. कॅलरी हे गोऱ्यांचं खूळ, आपल्या अन्नाला लागू नाही. बाहेर गेलात तर सॅलड-सूप घ्या, नाहीतर सरळ घरचं खा.'

मला तो मावसबहिणीने पाठवला, तोही काळजीपोटी. माझ्या आईला बारा वर्षं मधुमेह आहे आणि आम्ही महिन्यातून दोन-तीनदा तरी तिला घेऊन बाहेर जेवतो. बहिणीला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात समोशापासून, कारण तीच सगळ्यात मोठी थाप आहे. जुलै २०२५ मध्ये बातमी आली की नागपूरच्या एम्समध्ये समोसा-जिलेबीसाठी सिगारेटसारखे इशाऱ्याचे फलक लागणार. मूळ गोष्ट अशी होती: केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जूनमध्ये सरकारी खात्यांना पत्र पाठवलं की कार्यालयांत आणि कँटीनमध्ये, रोजच्या खाण्यातून तेल आणि साखर किती पोटात जाते ते दाखवणारे फलक लावा. विक्रेत्यांनी पदार्थावर इशारा छापावा असं त्यात कुठेही नव्हतं. फक्त आपल्याच पदार्थांवर रोख आहे असंही नव्हतं. मंत्रालयाने लगेच तसा खुलासा केला. बातमी घरोघरी पोचली, खुलासा पोचला नाही, आणि आजही लोक ती शपथेवर सांगतात.

वडापावच्या गाडीवाल्याचंही तेच. मेनूवर कॅलरी लिहिण्याचा नियम एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा आहे. तो २०२० मध्ये अधिसूचित झाला आणि १ जुलै २०२२ पासून लागू आहे. ज्यांच्याकडे केंद्रीय परवाना आहे किंवा ज्यांच्या शाखा १० किंवा त्याहून जास्त ठिकाणी आहेत, त्यांनाच प्रत्येक पदार्थापुढे एका सर्व्हिंगच्या कॅलरी आणि त्या सर्व्हिंगचं माप लिहावं लागतं. केटरर आणि वर्षात ६० दिवसांपेक्षा कमी चालणारे स्टॉल यांना सूट आहे. कोपऱ्यावरची मिसळ, गल्लीतली खानावळ, स्टँडजवळचं उडप्याचं हॉटेल यांच्या गल्ल्याला या नियमाने एक रुपयाचा धक्का लागत नाही. माझी तक्रार उलट आहे. आपण सगळ्यात जास्त खातो ते याच ठिकाणी, आणि तिथे आपल्याला काहीच कळत नाही.

'आकडे खोटे असतात.' यात थोडं तथ्य आहे, म्हणून नीट बघू. अमेरिकेत संशोधकांनी ४२ रेस्टॉरंटांतले २६९ पदार्थ प्रयोगशाळेत तपासले होते, २०११ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी काढली तर लिहिलेला आकडा आणि खरा आकडा जवळजवळ जुळले. पण १९ टक्के पदार्थांत लिहिल्यापेक्षा १०० किंवा त्याहून जास्त कॅलरी निघाल्या. त्यातही ज्यांच्यावर कमी आकडा होता, म्हणजे वजनाची काळजी करणारा माणूस नेमके जे मागवतो, त्या पदार्थांत खरा आकडा वर जाण्याकडे कल होता. ही चूक मोठी आहे आणि ती तपासली गेलीच पाहिजे. तरीही शंभराच्या फरकाने सगळा आकडा कचऱ्यात जात नाही. एका पदार्थापुढे ३०० आणि दुसऱ्यापुढे ८०० लिहिलं असेल, तर दोन्हींत शंभर इकडेतिकडे झाले तरी कुठला जड हे कळतंच. शिवाय मोठ्या चेनमध्ये सॉसपासून चीजपर्यंत सगळं मोजून येतं, कारण त्यांना प्रत्येक शाखेत तीच चव आणि तोच खर्च हवा असतो. आचाऱ्याच्या हातावर चालणाऱ्या स्वयंपाकघरापेक्षा तिथला आकडा जास्त भरवशाचा, हे मान्य करायला हवं.

मागच्या दिवाळीत आईला घेऊन अशाच एका चेनच्या कॉफीच्या दुकानात गेलो होतो. तिला क्रीमवाली थंड कॉफी हवी होती. फलकावर दराच्या खाली, दराच्या निम्म्या अक्षरांत, चारशेच्या वरचा आकडा होता. तिला तो दिसेना, मी वाचून दाखवला. ती म्हणाली, "अगं, म्हणजे हे जेवणच की. मग मी घरी जाऊन वर भाकरी कशाला खाऊ?" आणि तिने साधी दुधाची कॉफी घेतली, बिनसाखरेची. कुणी तिला उपदेश केला नव्हता. तिला आकडा कळला आणि तिने ठरवलं. अक्षरं मात्र इतकी बारीक का, याचा मला तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो. सत्तरीच्या बाईला चष्मा लावूनही वाचता येत नसेल, तर तो आकडा कुणासाठी लिहिलाय?

'परदेशात हा प्रयोग फसला.' मेसेजमधला हा सगळ्यात वजनदार मुद्दा. न्यूयॉर्क शहराने २००८ मध्ये हा नियम आणला, मे २०१८ पासून तो २० किंवा जास्त शाखांच्या चेनसाठी अख्ख्या अमेरिकेत लागू झाला, एप्रिल २०२२ पासून इंग्लंडमध्ये २५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या व्यवसायांना. म्हणजे मोजायला भरपूर वर्षं मिळाली. कोक्रेन या, आरोग्यावरचं संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने २५ अभ्यास एकत्र करून २०२५ च्या सुरुवातीला जो आढावा काढला, त्यात ६०० कॅलरींच्या जेवणामागे सुमारे ११ कॅलरींची घट दिसली. दीड-दोन बदामांएवढी. इंग्लंडमध्ये नियमाच्या आधी आणि नंतर गिऱ्हाइकांच्या खाण्याची तुलना झाली, तेव्हा आकड्याकडे लक्ष जाणाऱ्यांचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं होतं, पण खाण्यात म्हणावा असा फरक पडला नव्हता. हे मी लपवणार नाही. मेनूवर आकडा लिहिला की देश बारीक होईल, असं कुणी सांगत असेल तर तेही चूकच.

पण फसला म्हणण्याआधी दुसरी बाजूही बघावी. गिऱ्हाईक बदललं नाही तरी हॉटेलवाला बदलतो. अमेरिकेतल्या मोठ्या चेनच्या मेनूंचा २०१२ ते २०१९ असा माग काढला, तेव्हा नियम लागू झाल्यानंतर मेनूत नव्याने आलेल्या पदार्थांत आधीच्या नव्या पदार्थांपेक्षा सरासरी ११३ कॅलरी कमी होत्या, म्हणजे साधारण पाव हिस्सा. जुने, लोकप्रिय पदार्थ होते तसेच राहिले. आकडा चारचौघांत लिहावा लागणार म्हटल्यावर नवा पदार्थ बसवताना हात जरा आखडतो. याचा फायदा फलक कधीच न वाचणाऱ्यालाही मिळतो.

आणि सरासरीत माझी आई दिसत नाही. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ च्या अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी उंबरठ्यावर आहेत. यातला ज्याला आकडा बघून निवडायचं आहे त्याला तो मिळावा, एवढं माझ्यासाठी पुरेसं आहे. पदार्थाचा दर न सांगता कुणी बिल लावलं तर आपण भांडतो.

'कॅलरी हे गोऱ्यांचं खूळ, आपल्या अन्नाला लागू नाही.' याने मी खरोखर वैतागते. आपल्या अन्नाचा अभ्यास आपल्याच देशात शंभर वर्षांहून जास्त काळ चालू आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची सुरुवात १९१८ मध्ये कुन्नूरला झाली. तिने २०१७ मध्ये काढलेल्या तक्त्यांत ५२८ भारतीय खाद्यपदार्थांचं पृथक्करण आहे, ज्वारी-बाजरी-नाचणीसकट. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी असतात, मग ते तेल फ्रेंच फ्राइजचं असो की कांदाभजीचं.

मागच्या पावसाळ्यात मी एक साधी गोष्ट करून बघितली. आमच्या आवडत्या हॉटेलातून एका माणसाच्या मिसळीचं पार्सल आणलं. रश्शाची पिशवी काचेच्या उंच भांड्यात ओतली आणि पंधरा मिनिटं हात लावला नाही. लाल तर्री हळूहळू वर आली, खाली मटकीचं गढूळ पाणी राहिलं. वरचं तेल चमच्याने वाटीत काढून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं: ३४ ग्रॅम. म्हणजे तीनशेच्या वर कॅलरी, आणि त्यात अजून फरसाण नाही, पाव नाही, मटकीही नाही. पोषण संस्थेने सुचवलेल्या, दिवसाला २००० कॅलरींच्या ताटात दिवसभराचं तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलेलं आहे. मिसळीवर माझा राग नाही, आम्ही अजूनही तिथेच जातो. आता सॅम्पल दुसऱ्यांदा मागवताना सांगते, "वरची तर्री नको, खालचा रस्सा द्या." वाढणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. असं मागणारे आमच्याशिवाय बरेच असावेत.

२००० वरून आठवलं. मेनूवर तळाशी एक वाक्य असतं, सरासरी सक्रिय प्रौढाला दिवसाला २००० कॅलरी लागतात. बायकांनी ते डोळे मिटून घेऊ नये. पोषण संस्थेच्याच २०२० च्या शिफारशींनुसार बैठं काम करणाऱ्या, ५५ किलो वजनाच्या स्त्रीची गरज १६६० आहे, तशाच ६५ किलोच्या पुरुषाची २११०, आणि अंगमेहनतीचं काम करणाऱ्या पुरुषाची ३४७०. नवरा-बायकोने सारख्याच थाळ्या मागवल्या की हिशेब तिथेच चुकतो.

'सॅलड-सूप घ्या.' हॉटेलातल्या सॅलडमध्ये काकडी-टोमॅटोपेक्षा वरचं ड्रेसिंग भारी पडतं, ते मेयोनीजचं असेल तर ते मुळात तेलच. सुपात कॉर्नफ्लोअर असतं आणि मुख्य म्हणजे मीठ. मिठाबद्दल मेनूवरची कॅलरी एक अक्षर बोलत नाही, आणि ही या नियमाची खरी उणीव आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. न्यूयॉर्कने डिसेंबर २०१५ पासून, ज्या एका पदार्थात दिवसभराच्या मर्यादेएवढं सोडियम, म्हणजे मिठातला मुख्य घटक, आहे त्यापुढे मीठदाणीचं चिन्ह लावायला सांगितलं. आपल्याकडे रक्तदाबाच्या गोळ्या घेणारी इतकी माणसं आहेत, त्यांना अशा चिन्हाचा कॅलरीपेक्षा जास्त उपयोग होईल. तळणीचं तेल किती वेळा तापवलंय, हेही आकड्यातून कळत नाही.

सॅलडच्या नादी लागण्यापेक्षा मला साध्या गोष्टी उपयोगी पडल्या. रोटीला बटर नको म्हणून आधीच सांगायचं, पावभाजीवरचं वेगळ्या वाटीत मागायचं. मसाला पापड तळलेला नको, भाजलेला. कोल्ड्रिंकच्या ३०० मिलीच्या बाटलीत सुमारे ३० ग्रॅम साखर असते, त्याऐवजी ताक. चौघांत तीन भाज्या मागवायच्या, आणि उरलं की बांधून घ्यायचं.

मेसेजमध्ये नसलेला एक आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो. ज्यांचं खाण्याशी नातं बिघडलेलं आहे, जे आकड्यांच्या धास्तीने उपाशी राहतात, त्यांना असा मेनू त्रास देतो. हे खरं आहे. इंग्लंडच्या नियमात गिऱ्हाइकाने मागितलं तर कॅलरी नसलेलं मेनूकार्ड द्यायची मुभा आहे. तशी दोन कार्डं गल्ल्याजवळ ठेवणं आपल्याकडच्या चेननाही जड नाही.

राहिलं 'सरळ घरचं खा'. ज्याला घर आहे आणि घरी करणारं कुणी आहे, त्याने ते जरूर खावं. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, खोलीवर राहतो आणि दोन्ही वेळा खानावळीत जेवतो. त्याला हा सल्ला देऊन काय उपयोग? त्या खानावळीवर कुठलाही कॅलरीचा नियम नाही. मी तिथल्या काकूंना कॅलरी विचारल्याच नाहीत. विचारलं ते एवढंच, "काकू, १५ किलोचा तेलाचा डबा किती दिवस जातो?"

"पाच दिवस," त्या लगेच म्हणाल्या. माणसं साठ. तिथेच मोबाइलवर भागाकार केला, माणशी रोजचे ५० ग्रॅम. त्यांना वाईट वाटेल म्हणून मी जरा चाचरतच आकडा सांगितला. त्या वैतागल्या नाहीत. "रविवारी पुऱ्या असतात, त्या दिवशी डब्यातलं बरंच जातं," म्हणाल्या आणि मग पोषण संस्थेचा २७ चा आकडा पुन्हा एकदा विचारून घेतला. परवा भाच्याला सोडायला गेले तेव्हा नवा डबा उघडलेला होता. त्याच्या पत्र्यावर त्यांनी खडूने तारीख लिहिली होती.