मागे यायचंय? पुढे चला!

बटण दाबलं की आकडा वाढवणारं काउंटरचं अ‍ॅप चाललं ना? मग फ्लटर, म्हणजे मोबाइल अ‍ॅप बनवायचं गूगलचं साधन, आलं असं समजा आणि गावातल्या दूधवाल्यासाठी रतीबाचं अ‍ॅप करायला घ्या. स्क्रीन मोजून पाच: लॉगिन, ग्राहकांची यादी, ग्राहकाचं खातं, आजची नोंद, महिन्याचं बिल. कागदावर पाच चौकोन काढून कुठून कुठे जायचं याचे बाण मारत बसू नका. ज्यांना कोड येत नाही ते बाण मारतात.

पाचही स्क्रीन मेन डॉट डार्ट या मुख्य फाइलीतच कोंबा. स्क्रीनगणिक फाइल केली की शोधाशोध आली. दोन हजार ओळींची एकच फाइल असली की निदान कुठे शोधायचं ते तरी पक्कं असतं.

आता मूळ मंत्र. पुढे जायचंय? नेव्हिगेटर डॉट पुश, म्हणजे आहे त्या स्क्रीनवर नवी स्क्रीन चढवा. मागे यायचंय? तरीही पुश. पॉप नावाचं काहीतरी असतं; ते वरची स्क्रीन काढतं आणि खालची होती तशी समोर आणतं. पण काही टाकून देणं आपल्या रक्तात नाही. तेव्हा नोंद सेव्ह झाली की जुन्या यादीवर परतू नका, नवी कोरी यादी पुश करा. एका ग्राहकामागे खातं, नोंद आणि नवी यादी अशा तीन स्क्रीन चढतात. चाळीस घरांचा रतीब म्हणजे 120, आणि लॉगिन सोडून पहिली यादी धरून 121. सगळ्या मेमरीत जिवंत. यादीत टायमर किंवा स्ट्रीम (सतत येत राहणारा डेटा) लावला असेल, तर 41 याद्यांचे 41 चालू.

खरी गंमत बॅक दाबल्यावर. खालून मघाचीच नोंद वर येते: '2 लिटर' भरलेलं, सेव्हचं बटण टवटवीत. दूधवाल्याला वाटतं, सेव्ह राहिलंच वाटतं. तो पुन्हा दाबतो. एका दिवसाचं दूध दोनदा चढतं आणि महिनाअखेरीला काकू बिल फडकावत दारात उभ्या राहतात. तुम्ही म्हणा, सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे.

लॉगिननंतरही साधा पुशच. वरची स्क्रीन काढून तिच्या जागी नवी ठेवणारं पुशरिप्लेसमेंट वापरलंत तर यादीवरून बॅक दाबल्यावर लॉगिनचं दर्शन कसं घडणार? लॉगआउटला मात्र पुशरिप्लेसमेंटच वापरा. ते फक्त सगळ्यात वरची स्क्रीन बदलतं, खालची चळत तशीच राहते. मग दुसऱ्या कुणी फोन हातात घेऊन बॅक दाबलं की आधीच्या माणसाची अख्खी उधारी वाचायला मिळते. नवी स्क्रीन चढवून अट पुरी होईपर्यंत खालच्या काढत जाणारं पुशअँडरिमूव्हअंटिल लिहून अट म्हणून सरळ फॉल्स परत केलं की सगळं साफ होतं, पण एवढं लांब नाव टाइप कोण करणार?

खाली टॅबची पट्टी हवीच, आणि सात टॅब हवेत. गूगलचे मटेरियल डिझाइनवाले तीन ते पाच म्हणतात, म्हणोत. बॉटमनेव्हिगेशनबार या पट्टीत चौथा टॅब टाकला की तिचा प्रकार आपोआप शिफ्टिंग होतो आणि रंग दिले नसतील तर पांढऱ्यावर पांढरे आयकॉन अदृश्य होतात. याला मिनिमल डिझाइन म्हणावं. टाइप फिक्स्ड एवढं लिहिलं की ते दिसू लागतात, हे कुणाला सांगू नका. सगळे टॅब जिवंत ठेवून एकच दाखवणारं इंडेक्स्डस्टॅकही नको. त्यात टॅबची स्थिती टिकते. नाही वापरलं की बिल बघून परतलेला माणूस यादीच्या टोकावर येतो आणि पहिल्या ग्राहकापासून पुन्हा स्क्रोल करतो. बोटांना व्यायाम.

एका स्क्रीनवरून दुसरीकडे ग्राहकाचा नुसता आयडी पाठवणं कंजूषपणाचं. अख्ख्या ग्राहकाची प्रतच पाठवा. खात्यात पत्ता बदलला तरी यादीत जुनाच दिसेल. पॉप करताना निकाल परत देता येतो आणि पुशला अवेट लावून, म्हणजे निकाल येईपर्यंत थांबून, यादी ताजी करता येते, पण पॉपशी आपण कट्टीच घेतली आहे.

राहिलं टेस्टिंग. ते नव्या फोनवर, घरच्या वायफायवर करा. रेंज नसलेल्या गोठ्यात सेव्ह दाबून कुणी लगेच बॅक दाबलं, तर उत्तर येईपर्यंत स्क्रीन गेलेली असते आणि स्क्रीन ताजी करणारं सेटस्टेट डिस्पोजनंतर, म्हणजे ती मोडीत निघाल्यावर, बोलावल्याची एरर येते. अवेटनंतर माउंटेड, म्हणजे स्क्रीन अजून आहे का, हे तपासण्याची एक ओळ त्यासाठीच असते, पण वायफायवर तिची गरज भासत नाही. आणि ग्राहक एकच घ्या. एका ग्राहकात लॉगिन सोडून चारच स्क्रीन साचतात, अ‍ॅप झकास पळतं.