बिझनेसचा प्रोग्रॅम बंद करा म्हणणाऱ्या आईबाबांनो, जरा ऐका

आत्ता स्कूल बोर्डाच्या मीटिंगवरून घरी आले, ताट झाकून ठेवलंय तसंच आहे, पण डोकं इतकं तापलंय की आधी हे लिहून मोकळी होते. लाँग आयलंडवरच्या आपल्या लोकांनी तर वाचाच, पण न्यू जर्सी, टेक्सास, कुठेही असाल तरी वाचा, कारण हे बोलणं सगळीकडे सारखंच ऐकू येतं.

विषय असा आहे. आमच्या डिस्ट्रिक्टच्या हायस्कूलमधे बिझनेसचा सीटीई प्रोग्रॅम आहे. सीटीई म्हणजे करिअर अँड टेक्निकल एज्युकेशन, तिकडे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. त्याला न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण खात्याची मान्यता आहे, आणि ही मान्यता काही कायमची नसते, पाच वर्षांनी परत सगळं मांडून दाखवायचं आणि परत मागायची. यंदा ती मुदत संपतेय. बोर्डापुढे प्रश्न एवढाच होता की रिअप्रूव्हलचे कागद पुढे पाठवायचे की नाही. मला वाटलं पाच मिनिटांत होऊन जाईल. तर आपलेच एक गृहस्थ, चांगले ओळखीचे, मंडळाच्या गणपतीला आरतीला पुढे असतात, ते माईकवर गेले आणि म्हणाले की हा प्रोग्रॅम म्हणजे ज्या मुलांना एपी (म्हणजे हायस्कूलमधेच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे विषय) झेपत नाही त्यांची सोय आहे, त्या शिक्षिकेच्या पगारात एपी कॅल्क्युलसची आणखी एक तुकडी निघेल, आणि इन्व्हॉइस वगैरे काय, पोरं यूट्यूबवर शिकतात. टाळ्या पडल्या हो! आणि कोणी वाजवल्या ते मी बघितलं. बोर्डाने विषय पुढच्या मीटिंगवर ढकलला.

यूट्यूबवर शिकतात म्हणे.

माझ्या लेकीने काय शिकलं ते सांगते, मग तुम्हीच ठरवा. ती अकरावीत आहे, याच प्रोग्रॅममधे. मागच्या दिवाळीच्या आधी आमच्या गल्लीतल्या काकूंना फराळ पॅक करायला मदत करायला गेली. काकू नाशिकच्या, मुलाकडे राहतात, चकली, कडबोळी, शंकरपाळे करून देतात, इथल्या निम्म्या मराठी घरांत त्यांचाच फराळ जातो. चकलीची भाजणी स्वतः भाजतात, एकेक धान्य वेगळं, मंद आचेवर, घरभर वास. तर डबे भरता भरता लेक सहज विचारते, काकू, तुम्ही रेट कसा ठरवता? काकू म्हणाल्या, अगं पलीकडची दहा डॉलर पाउंड देते म्हणून मी पण दहा. हिने पिशवीतून लॅपटॉप काढला आणि तिथेच ओट्यावर ठेवून शीट उघडलं. तेल किती जातं, भाजणीचं धान्य काय भावाने, डबा, लेबल, गॅस. पाउंडाला सहा डॉलर नुसते सामानाचे निघाले. मग विचारलं तासाला किती होतात. काकू म्हणाल्या, तळण धरून दोन पाउंड, हात चालला तर. म्हणजे तासाला आठ डॉलर. लाँग आयलंडवर २०२५ साली किमान वेतन तासाला साडेसोळा डॉलर होतं, त्याच्या निम्मेसुद्धा नाहीत. काकू म्हणाल्या, अगं घरात बसूनच तर करते, त्याचे कसले पैसे. तर ही म्हणते, काकू, मला जर तुम्ही तळायला ठेवलं असतंत तर किती दिले असते? काकू पटकन म्हणाल्या, वीस तरी दिले असते गं, तापल्या तेलापुढे उभं राहायचं म्हणजे. मग स्वतःला आठ का देताय?

काकूंनी त्यावर काहीच उत्तर दिलं नाही, झारा तसाच हातात. हे मला लेकीने नाही, काकूंनीच सांगितलं नंतर, फोनवर, आणि सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता. आयुष्यभर स्वयंपाकघरात उभं राहिलेल्या बाईला पहिल्यांदा कोणीतरी विचारलं की तुमच्या तासाचं काय, आणि ते विचारणारी सोळा वर्षांची पोरगी.

आता मला सांगा, हे कुठल्या व्हिडिओत आहे? हे तिला आलं कारण तिच्या वर्गात व्हर्च्युअल एंटरप्राइज नावाचा प्रकार आहे. वर्गच एक कंपनी असतो. खोटी कंपनी, खोटे पैसे, पण बाकी सगळं खरं. एचआर आहे, मार्केटिंग आहे, अकाउंट्स आहे. पोरं एकमेकांच्या मुलाखती घेऊन पदं देतात, पगार काढतात, भाडं भरतात, दुसऱ्या शाळांच्या कंपन्यांशी खरेदी-विक्री करतात. युरोपातल्या सराव कंपन्यांच्या धर्तीवर हे न्यूयॉर्क शहराच्या शाळांमधे १९९६ साली सुरू झालं आणि आता देशभर पसरलंय. आमची अकाउंट्समधे. पगारातून सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे १.४५ टक्के कसे कापतात, आणि तेवढेच मालकालाही वरून भरावे लागतात, हे तिला तोंडपाठ आहे. माझ्या नवऱ्याला इथे इतकी वर्षं नोकरी करून पे स्टबवरच्या सगळ्या ओळी तिने समजावून सांगितल्या. जी पोरगी दर महिन्याला सगळ्या वर्गाचा पगार काढते तिला काकूंच्या पगाराची रिकामी ओळ दिसणारच.

आणि त्या "झेपत नाही त्यांची सोय" वर मला जास्त बोलायचंय, कारण हे मी इथे पहिल्यांदा ऐकलं नाही. साताऱ्यात माझ्या आतेभावाने एमसीव्हीसी केलं, किमान कौशल्याचे ते अकरावी-बारावीचे कोर्स, महाराष्ट्रात १९८८-८९ ला सुरू झाले ते. त्याने अकाउंटन्सीचा घेतला होता. आत्या कोणी विचारलं की नुसतं "बारावी करतोय" म्हणायची, पुढचं सांगायची नाही. लग्नकार्यात तो पोरगा कोपऱ्यात बसायचा, कारण काका लोक विचारायचे सायन्स का नाही घेतलं रे. आज पेठेतल्या किती दुकानांची जीएसटीची रिटर्न्स तो भरतो. आत्याला शेवटपर्यंत वाटत राहिलं की आपला एक मुलगा कमी पडला. हे आपण सामानात घालून सातासमुद्रापार घेऊन आलो. एवढे समुद्र ओलांडले, पण विषयांची ही उतरंड काही मागे ठेवता आली नाही, वर डॉक्टर-इंजिनिअर, मधे एपी, आणि तळाशी ज्याला धंद्याचं काही येतं तो.

बरं, अमेरिकनांचं पण काही फार वेगळं होतं असं नाही. इथला व्यवसाय शिक्षणाचा पहिला मोठा केंद्रीय कायदा, स्मिथ-ह्यूजेस, १९१७ चा. त्यात शेतीला पैसे होते, कारखान्यातल्या कामांना होते, गृहशास्त्राला होते, ऑफिसच्या कामाला नव्हते. त्याला केंद्राचे पैसे मिळायला १९६३ चा कायदा यावा लागला. आताचा पर्किन्स कायदा १९८४ पासूनचा, केंटकीच्या कार्ल पर्किन्स नावाच्या खासदाराच्या नावाने, तो २०१८ साली परत नव्याने झाला आणि दोन्ही पक्षांनी मिळून केला. या देशात दोन्ही पक्ष कशावर एकत्र येत नाहीत, यावर आले. आणि आपण टाळ्या वाजवून हा प्रोग्रॅम बंद करणार.

आता थोडं शांतपणे लिहिते. मान्यता गेली तर नेमकं काय जातं हे त्या खोलीत बऱ्याच जणांना माहीतच नव्हतं, आणि बोर्डाने ते नीट सांगितलंही नाही. मान्यताप्राप्त प्रोग्रॅम पूर्ण करून टेक्निकल परीक्षा पास झालेल्या मुलाच्या डिप्लोमावर टेक्निकल एंडॉर्समेंट येते. मान्यता नसेल तर तेच वर्ग, त्याच बाई, तीच मेहनत, पण डिप्लोमावर ती नोंद नाही. कम्युनिटी कॉलेजशी क्रेडिटचा करार असतो, त्यामुळे मुलं कॉलेजात जायच्या आधीच काही क्रेडिट घेऊन जातात, तो करारही या मान्यतेचाच भाग. प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन शिकणं, तेही त्यातलंच. आणि मान्यता म्हणजे काही नुसता शिक्का नाही, शाळेला स्वतःचा आढावा घ्यावा लागतो, शिकवणाऱ्याकडे त्या विषयाचं सर्टिफिकेट आहे का बघतात, परीक्षा कोणती घेता ते बघतात, बाहेरची माणसं, धंद्यातली आणि कॉलेजातली, ती येऊन तपासतात. आपल्यापैकी किती जणांच्या मुलांचा कुठलाही दुसरा विषय दर पाच वर्षांनी असा बाहेरच्या माणसांपुढे उभा राहतो?

हो, मान्य आहे, काही शाळांत बिझनेसच्या नावाखाली वर्षभर टायपिंग आणि पॉवरपॉइंट करून घेतात. तसे असतील तर ते दुरुस्त करा, त्यासाठीच तर हा आढावा असतो. आणि हो, कॉलेजच्या अर्जावर कॅल्क्युलस चांगला दिसतो, कोण नाही म्हणतंय. माझी लेक कॅल्क्युलस पण घेणार आहे. दोन्ही घेता येतात! आणि गंमत बघा, हे एपी चालवणाऱ्या कॉलेज बोर्डाने स्वतः बिझनेस आणि पर्सनल फायनान्सचा एपी जाहीर केलाय. त्याच विषयाला पुढे एपी लागलं की हीच मंडळी कोचिंग क्लास शोधत फिरतील, याचा मला खरंच फार राग येतो.

सगळ्यात वाईट वाटलं ते हा प्रोग्रॅम शिकवणाऱ्या बाईंचं. त्यांना बोलायला तीन मिनिटं. हातात जाडजूड फोल्डर, त्यात पाच वर्षांची सगळी मुलं, कोण कुठल्या कॉलेजात गेलं, कोणाला कुठे इंटर्नशिप मिळाली, कोणी क्विकबुक्सची (हिशेबाचं सॉफ्टवेअर) सर्टिफिकेट परीक्षा पास केली, रंगीत चिकट्या लावून ठेवलेलं. दुसऱ्याच पानावर होत्या तर घंटी वाजली. त्यांनी फोल्डर मिटलं, थँक्यू म्हणाल्या आणि जागेवर जाऊन बसल्या. हे सगळं त्या शाळा सुटल्यावर करतात, कोणी वेगळे पैसे देत नाही. काकूंसारखंच, घरी बसूनच तर करते, त्याचे कसले पैसे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा. उठून बोलायला हवं असं वाटत होतं, पण नावनोंदणी आधी करावी लागते, ती बंद झाली होती.

आणि एक गोष्ट लिहू की नको असं होतंय, पण लिहितेच. ज्या गृहस्थांनी हे भाषण केलं त्यांच्या घरी दरवर्षी काकूंचा फराळ जातो. लेकीने हिशेब मांडल्यावर काकूंनी रेट दहाचा सोळा केला, तासाला वीस पडतील असा, जे त्यांनी दुसऱ्या कोणाला सहज दिले असते तेवढेच. एकदोन घरांनी कुरकुर केली, बाकीच्यांनी दिले. यांनी पण दिले, आणि डबे वाढवून मागितले. म्हणजे त्या वर्गात शिकलेलं यांनी विकत घेतलंय, खाल्लंय, पाहुण्यांना दिलंय. दादा, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. माझा तुमच्यावर वैयक्तिक राग नाही, तुमच्या मुलाचं गणित खरंच छान आहे आणि त्याला ती तुकडी मिळावी असं मलाही वाटतं. पण त्यासाठी या वीसबावीस पोरांच्या पायाखालचं काढून घेऊ नका. त्या वर्गात कोण कोण आहे बघितलंय का तुम्ही? एका मुलाच्या वडिलांचं लॉन केअरचं काम आहे, तो घरची बिलं बनवतो. एक मुलगी डेलीत, म्हणजे सँडविचच्या दुकानात, संध्याकाळी काम करते. एपीवाली पण आहेत. सगळी एका टेबलाशी बसून एकाच कंपनीचा ताळेबंद जुळवतात, अशी जागा आख्ख्या हायस्कूलमधे दुसरी कुठली आहे सांगा मला.

पैशाचा प्रश्न खोटा आहे असं मी म्हणत नाही, डिस्ट्रिक्टचं बजेट ताणलेलं आहे, आपले प्रॉपर्टी टॅक्स आपल्याला माहीत आहेत. तरी पण हा वर्ग कापून काही फार वाचणार नाही, आणि एकदा मान्यता सोडली की पुन्हा मिळवायला सगळं पहिल्यापासून करावं लागेल, तोवर आत्ताची मुलं शाळेतून बाहेर पडलेली असतील.

आता कामाचं. बाईंशी मीटिंगनंतर पार्किंगमधे बोलले. त्यांना बाहेरच्या तपासणी कमिटीवर धंद्यातली माणसं हवी आहेत आणि मिळत नाहीयेत. एक-दोन बैठका असतात, मुलांचं काम बघायचं, अभ्यासक्रम वाचायचा, काय जुनं झालंय, काय घालायला हवं ते सांगायचं. आपल्यात सीपीए (इथले सीए) आहेत, दोन जणांची किराणा दुकानं आहेत, एकीचं डे केअर आहे, बँकेत तर निम्मे आहेत. मुलांना उन्हाळ्यात चार आठवडे कामाला घेऊ शकणारे पण हवेत, म्हणजे नुसतं कॉफी आणायला नको, खरं काम द्या, तिथे मुलांना शिकायचं असतं. मी काकूंना विचारलं, त्या येते म्हणाल्या. इंग्रजी येत नाही म्हणून घाबरत होत्या, लेक म्हणाली मी शेजारी बसते.

पुढच्या मीटिंगची तारीख लागली की इथेच टाकते. बोलायचं असेल तर आधी नाव द्यावं लागतं, त्याची लिंक पण टाकते, त्या दिवशी दुपारी बंद होते. आपल्या ग्रुपमधे ज्यांची मुलं या प्रोग्रॅममधून बाहेर पडलीयेत त्यांनी प्लीज या, तीन मिनिटं प्रत्येकी, पाचसहा जण झाले तरी त्या फोल्डरमधलं सगळं बोलून होईल, मी पानं वाटून देते. कमिटीसाठी कोण येणार ते खाली कमेंटमधे नको, मला मेसेज करा, मी बाईंना नावं शुक्रवारपर्यंत पाठवते.