जॅकेट दिलं, पण रक्त थांबवायला कोण शिकवणार?

२० एप्रिल २०११ ला लिबियातल्या मिस्राता शहरात स्फोटात टिम हेदरिंग्टन आणि ख्रिस हॉन्ड्रोस हे दोन फोटोग्राफर गेले. हॉन्ड्रोसच्या डोक्यालाच लागलं होतं, पण हेदरिंग्टनची जखम जांघेतली, पिकअपमधून हॉस्पिटलला नेता नेता रक्त जाऊन जाऊन तो गेला. सोबतचा फोटोग्राफर त्याचा हात धरून बसला होता, आणि कोणी शिकवलंच नसेल तर माणूस अजून काय करणार सांगा. टिमचा मित्र सेबॅस्टियन जुंगर याला नंतर कळलं की नीट दाब दिला असता तर टिम वाचू शकला असता, आणि मग त्याने फ्रीलान्सर पत्रकारांना फुकट प्रथमोपचार शिकवणारी रिस्क नावाची संस्था काढली.

युद्धात जाणाऱ्याचं ट्रेनिंग म्हटलं की आपल्याला हेल्मेट आणि प्रेस लिहिलेलं जॅकेट आठवतं, पण जॅकेट मांडी झाकत नाही ना! हातापायातून भळाभळा रक्त येत असेल तर जखमेच्या वरच्या बाजूला, धडाकडे, टर्निकेट म्हणजे दांडी पिळून आवळायचा पट्टा बांधून ती दांडी पिळायची, समोरचा कितीही ओरडला तरी रक्त थांबेपर्यंत पिळायची आणि वेळ लिहून ठेवायची. जांघेत टर्निकेट बसतच नाही, तिथे जखमेत गॉज कोंबून अंगाचा सगळा भार टाकून दाबून धरावं लागतं. हे व्हिडिओ बघून येत नाही हो, गोळीबारात हात थरथरत असतात, आधी दहा वेळा केलेलं असेल तरच तिथे सुचतं.

आता ट्रेनिंगने सगळं टळतं असंही मी म्हणत नाही. अल जझीराची पत्रकार शिरीन अबू अक्लेह हिने २०२२ मध्ये वेस्ट बँकमधल्या जेनिनमध्ये हेल्मेट आणि प्रेसचं जॅकेट दोन्ही घातलं होतं, तरी गोळी लागलीच. पत्रकारावरच नेम धरला तर ट्रेनिंग काय करणार, तिथे मारणाऱ्याला कोर्टात उभं करायला पाहिजे, हा प्रश्न वेगळा आणि तितकाच मोठा आहे.

पण जे वाचू शकतात त्यांचं काय? मोठ्या चॅनेलचा माणूस कंपनीच्या पैशाने कोर्स करून, विमा काढून जातो. त्याच्यासोबतचा लोकल फिक्सर (म्हणजे बाहेरच्या पत्रकाराला वाट, ओळखी आणि भाषा सांभाळून देणारा तिथला माणूस), ड्रायव्हर, फोटोमागे पैसे मिळणारा फ्रीलान्सर, यांच्यासाठी कोण पैसे भरतं? गाझात तर २०२३ पासून मारले गेलेले जवळपास सगळे पत्रकार तिथलेच आहेत. माझं स्पष्ट मत आहे, जो फोटो विकत घेतो त्यानेच त्या माणसाच्या ट्रेनिंगचे, किटचे आणि विम्याचे पैसे द्यावेत, आणि फिक्सरला त्याच कोर्सला, त्याच्या भाषेत, आपल्या माणसाच्या शेजारी बसवावं.